जुन्या सेसनाच्या डिकीचं मागचं पॅनेल बदलताना

सेसना १७२ ह्या छोट्या विमानात मागच्या सीटच्या पाठीमागे सामानाचा कप्पा असतो. ओहायोतल्या आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, सगळे त्याला बॅगेज म्हणतात, मी डिकी म्हणते. ह्या डिकीच्या मागच्या भिंतीवर एक पॅनेल असतं. आमच्या विमानात ते फिकट पिवळ्या प्लास्टिकचं होतं. होतं, कारण गेल्या हिवाळ्यात एका बॅगेचा कोपरा लागला आणि त्याचा पापडासारखा तुकडा पडला.

आमचं विमान १९६६चं. चौघांच्या मालकीचं, १४५ अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरच्या कॉन्टिनेंटल इंजिनाचं. अमेरिकेत जुन्या विमानांच्या हौशी मंडळींमध्ये १९७०पर्यंतची विमानं ‘व्हिंटेज’ धरतात, त्या हिशेबाने आम्ही त्यात बसतो. १७२ हे विमान १९५६पासून विकलं जातंय, आजवर चाळीस हजारांहून जास्त झाली. भारतात फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या कित्येकांनीही पहिलं उड्डाण ह्याच विमानात केलेलं असतं. त्यामुळे ज्यांनी जुनं विमान नुकतंच घेतलंय किंवा भागीदारीत शिरलेत, आणि ‘एवढं एक पॅनेल तर बदलायचंय’ असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. काम अवघड नाही. दोन सुट्टीचे दिवस पुरतात. पण हे काम घरातल्या कपाटाचं दार बदलण्यासारखं आहे असं समजून हात घालू नका.

त्याचं कारण असं. ह्या पॅनेलच्या मागे विमानाची शेपटी सुरू होते. आतून पोकळ, निमुळती होत गेलेली, उघड्या पत्र्याची. तिच्यातून एलेव्हेटरच्या आणि रडरच्या पोलादी केबल गेलेल्या असतात, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे करणाऱ्या. सामान आणि ह्या केबल ह्यांच्यामध्ये काय असतं? हेच पॅनेल. ते फुटलेलं असलं आणि विमान वर चढताना बॅग मागे घसरून केबलवर जाऊन बसली, तर स्टिअरिंग ओढूनही नाक हलणार नाही. पॅनेल दिसायला सजावटीचं असलं तरी काम कुंपणाचं करतं. पुढच्या प्रत्येक पायरीला हे डोक्यात असू द्या.

ते फुटतं कशामुळे

१९६३च्या मॉडेलपासून सेसनाने १७२ला मागची काच दिली. त्याआधी मागे सरळ पत्रा होता. काचेमुळे मागचं दिसायला लागलं, पण दुपारचं ऊन थेट डिकीत उतरायला लागलं. आतली पॅनेलं एबीएस प्लास्टिकची. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे प्लास्टिक पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं. त्यात ओहायोची थंडी. शून्याखाली पारा गेला की जुनं एबीएस बोटाने दाबलं तरी तडकतं.

दुसरं कारण आकुंचन-प्रसरण. ८० सेंटिमीटर लांबीचं एबीएसचं पॅनेल ५० अंशांच्या फरकात साधारण तीन मिलिमीटर लांब-आखूड होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा तेवढ्याच फरकात एक मिलिमीटरही हलत नाही. म्हणजे मागची चौकट जागच्या जागी आणि पुढचं पॅनेल ताणलेलं. कुणीतरी स्क्रू करकचून आवळलेले असले की तडा नेमका स्क्रूच्या भोकापासून सुरू होतो. आमच्याकडे सतरापैकी अकरा भोकांना तडे होते.

तुमच्या विमानात प्लास्टिकच असेल असं नाही. साठ वर्षांत मालक बदलतात, आणि प्रत्येकाने आपली हौस भागवलेली असते. कापड चिकटवलेला पुठ्ठा सापडेल, पत्रा सापडेल, एखाद्याने गालिचा लावलेला असेल. आधी बघा, मग पुढचं वाचा.

सही कुणाची

हत्यारं काढण्याआधी कागद. अमेरिकेत एफएआरच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीच्या नियमांच्या, भाग ४३मधल्या परिशिष्ट एमध्ये किरकोळ देखभालीच्या कामांची यादी आहे. खासगी वापरातल्या विमानाच्या मालकाकडे पायलटचं सर्टिफिकेट असेल तर त्या यादीतली कामं तो स्वतः करून स्वतः सही करू शकतो. केबिनमधली गादी-कापडं आणि सजावटीच्या वस्तूंची दुरुस्ती तिच्यात आहे, पण अट अशी, की त्यासाठी विमानाचा मुख्य सांगाडा किंवा चालणारी कुठलीही यंत्रणा उघडावी लागू नये आणि तिला बाधा येऊ नये. सीट काढून परत बसवणंही ह्याच यादीत बसतं.

म्हणजे जुनंच पॅनेल दुरुस्त करून परत लावलं, तर तुमची सही चालते. पण प्लास्टिकच्या जागी ॲल्युमिनियमचं पॅनेल स्वतः बनवून बसवलं, तर विमानात बदल झाला, मग तो छोटा का असेना. स्वतःच्या विमानासाठी मालकाने भाग बनवणं कायद्याला मंजूर आहे, पण तो बसवून विमान परत सेवेत आणण्याची सही परवानाधारक मेकॅनिकची लागते. आमचा मेकॅनिक अशा बाबतीत एकच वाक्य बोलतो, ‘बनवल्यावर दाखवायला आणू नकोस, बनवण्याआधी विचारायला ये.’ त्याला कॉफी पाजा आणि सुरुवातीलाच सगळं विचारून घ्या. भारतात व्हीटी नोंदणीचं विमान असेल तर सरळ एएमईला, म्हणजे परवानाधारक देखभाल अभियंत्याला, हाक मारा, ह्या लेखाच्या भरवशावर स्क्रू काढू नका.

आणखी एक भेद ओळखायला शिका. जे स्क्रूने धरलंय ते बहुतेक वेळा आवरण असतं, जे रिव्हेटने, म्हणजे ठोकून कायमच्या बसवलेल्या खिळ्यांनी, जोडलंय तो सांगाडा. डिकीची जमीन कित्येक ठिकाणी रिव्हेट केलेली असते. ह्या लेखातलं काम स्क्रूच्या पॅनेलचं आहे. रिव्हेट दिसला की तुमचं काम तिथे थांबलं.

मांडामांड

लागणारी हत्यारं घरातही सापडतील. दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, लांब दांड्याचा एक आणि बुटका एक, चांगला टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, पत्रा कापायची कात्री, बारीक कानस, पॉलिश पेपर, ड्रिल, मोठा पुठ्ठा, मास्किंग टेप. आणि मिसळणाचा डबा.

हो, मिसळणाचाच. आईने दिलेला स्टीलचा, सात वाट्यांचा. जिरं-मोहरी दुसऱ्या डब्यात गेली आणि हा हँगरमध्ये आला. एका वाटीत वरच्या कडेचे स्क्रू, एकीत डाव्या बाजूचे, एकीत उजवीकडचे, एकीत वॉशर, एकीत क्लिपा. मधल्या वाटीत ‘हे कुठलं ते कळत नाही’. झाकण घट्ट बसतं, डबा कलंडला तरी काही सांडत नाही. हँगरमधल्या लोकांनी पहिल्यांदा हसून घेतलं, आता दोघांनी मला तसाच आणायला सांगितलाय.

विमानाच्या चाकांना ठोकळे लावा. मास्टर स्विच बंद, किल्ली काढून बाजूला. मागे वायरी आहेत, त्यात हात जाणार आहे. मागची सीट काढा, नाहीतर दिवसभर कंबर मोडून काम करावं लागेल. डिकीच्या जमिनीवर एक प्लायवूडची फळी आडवी टाका आणि तिच्यावर गुडघे टेका. पातळ पत्र्यावर माणसाचं वजन एका ठिकाणी आलं की खळगा पडतो, आणि तो खळगा बाहेरून सगळ्या जगाला दिसतो. खिशातलं पेन, मोबाइल, चिल्लर, सगळं बाहेर काढून ठेवा.

मग फोटो. आख्ख्या भिंतीचा एक, प्रत्येक कोपऱ्याचा एक, आणि वजनमर्यादेच्या पाटीचा एक. ती पाटी नियमाने लागते. आमच्या विमानात डिकीत १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. पॅनेल बदलताना पाटी कचऱ्यात गेली तर विमान कागदोपत्री उडण्यालायक राहत नाही. इतक्या लहान गोष्टीवर तपासणीत अडकलेले लोक मी पाहिलेत.

काढणं

हँगर गरम असेल त्या दिवशी काम करा. नसेल तर केस वाळवायचा ड्रायर पॅनेलच्या कडेवरून फिरवा, हात लावल्यावर कोमट लागेल इतपतच. थंड प्लास्टिक वाकवायला गेलात तर हातात तुकडे येतील.

स्क्रू खालून वर काढत या, वरचे दोन कोपरे शेवटी. म्हणजे पॅनेल अंगावर कोसळत नाही. जाम झालेल्या स्क्रूवर भेदक तेलाचा थेंब टाका आणि चहा घेऊन या. स्क्रूड्रायव्हर जोराने दाबून, हळू फिरवा. डोकं झिजवलंत तर अर्धा दिवस गेला.

काढलेला प्रत्येक स्क्रू मोजा आणि आकडा कागदावर लिहा. आमच्याकडे सतरा भोकं आणि सोळा स्क्रू होते. सतरावा कुठे गेला? त्याची गोष्ट पुढे येते.

पॅनेल सुटलं की ओढू नका. दहा सेंटिमीटर पुढे घ्या आणि मागे हात घालून चाचपा. कुणीतरी वायर किंवा अँटेनाची केबल पॅनेलला बांधून ठेवलेली असू शकते. तुकडे पडले तरी एकही फेकू नका. जमिनीवर मांडा आणि मागून टेपने जोडा, तुटलेल्या बांगडीसारखे. पुढे त्याच्यावरूनच माप घ्यायचंय.

आता मागे बघा

खरं काम हे आहे. पॅनेल एका दिवसात होतं, पण शेपटीत डोकावण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते, तीही वार्षिक तपासणीत, आणि तेव्हा तिथे तुम्ही नसता, मेकॅनिक असतो. निदान एक तास द्या.

टॉर्च सरळ मागे मारू नका, पत्र्याला समांतर, तिरपा धरा. तिरप्या उजेडात खळगे, फुगवटे, सैल रिव्हेट दिसतात. सैल रिव्हेटभोवती काळसर धूर लागल्यासारखा डाग असतो. ॲल्युमिनियमला गंज लागला की तो लोखंडासारखा तांबडा नसतो. पांढरी-करडी भुकटी दिसते, मिठाचा थर बसल्यासारखी. जुन्या विमानात पत्र्याला फायबरग्लासची गादी चिकटवलेली असेल तर तिची कड उचलून बघा. गादी ओल धरून ठेवते, आणि गंज नेमका तिच्याखाली लपतो.

मग उंदीर. हँगरमधल्या विमानाला हिवाळ्यात उंदीर लागतो हे गृहीत धरा. आमच्या शेपटीत, तळाच्या पत्र्यावर, मुठीएवढं घरटं निघालं. सीटच्या गादीतला स्पंज, कुणाच्या तरी नकाशाचे कुरतडलेले कपटे आणि धान्याची टरफलं. घरटं हसण्यावारी नेऊ नका. उंदराचं मूत ॲल्युमिनियमला खातं. मास्क आणि हातमोजे घालून, आधी फवारा मारून ओलं करून मगच उचला, कोरडी धूळ उडवू नका. जागा पुसून कोरडी करा आणि मेकॅनिकला फोटो दाखवा. आमच्याकडे पत्र्याचा रंग गेला होता, पत्रा वाचला होता.

केबलकडे या. सुती फडका केबलभोवती गुंडाळून धरा आणि हळूच जाईल तितका लांब सरकवा. कुठे धागा अडकला तर तिथे तार तुटलेली आहे. हे उघड्या हाताने करू नका, तुटलेली तार सुईसारखी बोटात घुसते. केबल पुलीवरून जाते तिथे जास्त लक्ष द्या, कारण ती वाकते तिथेच झिजते. मग कुणाला तरी पुढे बसवून स्टिअरिंग हळूहळू मागे-पुढे करायला सांगा आणि पुली फिरते का ते बघा. पुली न फिरता केबल तिच्यावरून घसरत असेल तर पुलीला एका जागी खाच पडलेली असते. हे तुम्ही दुरुस्त करायचं नाही. केबलचा ताण, तो कमी-जास्त करायचं टर्नबकल, त्याची सेफ्टी वायर, कशालाही हात लावायचा नाही. बघायचं, फोटो काढायचे, सांगायचं.

आणि इथेच मला सतरावा स्क्रू दिसला. पॅनेलचा नव्हता. त्या भोकात कुणीतरी आधी केव्हातरी लांबलचक स्क्रू घातला होता, बहुधा हाताशी तोच होता म्हणून. पुढे पॅनेलचा तो कोपरा तुटला, डोकं पुढून दिसेनासं झालं, पण स्क्रू मागच्या क्लिपमध्ये तसाच अडकून राहिला. त्याचं टोक एलेव्हेटरच्या केबलपासून बोटभर अंतरावर होतं. मी टॉर्च तसाच धरून नवऱ्याला म्हटलं, ‘स्टिअरिंग मागे ओढ.’ केबल टोकाच्या बाजूने सरकत गेली. लागली नाही. पण आम्ही दोघंही काही वेळ गप्प होतो.

शेपटीत एक छोटी नारिंगी पेटीही दिसेल. ती ईएलटी, अपघात झाला की आपोआप संदेश पाठवणारं यंत्र. तिला धक्का देऊ नका, तिच्या अँटेनाची वायर ओढू नका. जुन्या पेट्या १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडायच्या. उपग्रहांनी त्या लहरीवर ऐकणं १ फेब्रुवारी २००९पासून बंद केलं, आता उपग्रहांना ४०६ मेगाहर्ट्झ ऐकू येतं. तुमच्याकडे कुठली आहे ते ह्या निमित्ताने पाहून ठेवा, आणि बॅटरीवरची मुदतही वाचा.

कशाचं बनवायचं

तीन रस्ते आहेत.

तडे थोडे असतील तर जुनंच जोडा. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. पॅनेलच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवा, सकाळी घट्ट पिठल्यासारखं मिश्रण तयार होतं. ते मागच्या बाजूने तड्यावर, वर फायबरग्लासच्या जाळीचा तुकडा, वर पुन्हा मिश्रण. तड्याच्या टोकाला आधी बारीक गोल भोक पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही. लेगोचे ठोकळेही एबीएसचेच असतात, आणि मुलांचे ठोकळे विरघळवून काम केल्याच्या गोष्टी हँगरमध्ये ऐकायला मिळतात. मी करणार नाही. त्या प्लास्टिकात आगीच्या दृष्टीने काय मिसळलंय ते कुणाला ठाऊक? काम खिडकी उघडी ठेवून करा, ॲसिटोनची वाफ लगेच पेट घेते.

दुसरा रस्ता, तयार पॅनेल विकत घ्या. जुन्या सेसनांची प्लास्टिकची पॅनेलं आजही बनतात. ती कडेने जास्तीची येतात, कापून बसवायची असतात. मान्यता असलेला भाग मागा आणि त्याचा कागद जपा.

तिसरा रस्ता ॲल्युमिनियमचा, आणि मी तो घेतला. ०.०२५ इंचाचा पत्रा, म्हणजे सव्वासहाशे मायक्रॉनपेक्षा किंचित जाड. उन्हाने ठिसूळ होत नाही, आणि कुंपण म्हणून प्लास्टिकपेक्षा कितीतरी भक्कम. तोटा असा की तो वाजतो, आणि कडा सुरीसारख्या असतात.

घरकामाचं प्लायवूड, ॲक्रिलिक, दुकानातला गालिचा, ह्यांच्या नादी लागू नका. जुन्या १७२चं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेली सरकारी मान्यता, जुन्या सीएआर ३ ह्या अमेरिकी विमान-नियमांखालचं आहे. केबिनमधल्या वस्तू फ्लॅश-रेझिस्टंट हव्यात, म्हणजे ठिणगी पडली तर भडकन पेटता कामा नयेत, असं ते नियम म्हणतात. कापड किंवा चामड्यासारखं काही वरून लावणार असाल तर जळण्याच्या चाचणीचा कागद असलेलंच घ्या.

वजनही बघून घ्या, कारण डिकी विमानाच्या तोलाच्या बिंदूमागे असते आणि तिथला प्रत्येक ग्रॅम शेपटी जड करतो. आमचं पॅनेल साधारण ८० बाय ६० सेंटिमीटर. ॲल्युमिनियमची घनता २.७, तेव्हा पत्रा आठशे ग्रॅमच्या थोडा वर जातो. जुने तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर सातशेच्या आसपास भरले. फरक शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. ५,००० पौंडांपेक्षा हलक्या विमानात एक पौंडापर्यंतचा फरक नगण्य धरतात, त्यामुळे वजन आणि तोलाचा कागद नव्याने करावा लागला नाही. हेच ५ मिलिमीटर प्लायवूडचं केलं असतं तर दीड किलोच्या घरात गेलं असतं, आणि मग हिशेब मांडत बसावं लागलं असतं.

माप आणि भोकं

जुनं पॅनेल थेट पत्र्यावर ठेवून गिरवू नका. जुनं एबीएस आकसलेलं असतं, वर टेपने जोडलेलं, भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकतात. आधी पुठ्ठ्यावर गिरवा, पुठ्ठा विमानात लावून बघा, कापा, पुन्हा लावा. कापून झाल्यावर कड जोडता येत नाही, तेव्हा थोडं थोडं कापा. माझा तिसरा पुठ्ठा बसला.

भोकांसाठी एक सोपी युक्ती. पुठ्ठ्यात प्रत्येक भोकाच्या जागी रुपयाएवढी खिडकी कापा. पुठ्ठा जागेवर लावा, खिडकीवर पारदर्शक टेप चिकटवा, टेपमधून मागची क्लिप दिसते. तिच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. आता पुठ्ठा पत्र्यावर ठेवून खुणा उतरवा.

ड्रिल विमानाबाहेर, टेबलावर, खाली लाकूड धरून. विमानात बसून पॅनेलमधून आरपार ड्रिल मारायचं नाही, हे कितीही सोयीचं वाटलं तरी. बिट पलीकडे गेलं की समोर केबल आहे.

आठ नंबरच्या स्क्रूचा व्यास साधारण ४.२ मिलिमीटर. पत्र्याला भोक किंचित सैल ठेवा. प्लास्टिक असेल तर ५ मिलिमीटर करा आणि डोक्याखाली वॉशर घाला, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याला हलायला जागा राहते. भोकाचा मध्य कडेपासून स्क्रूच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवा, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. आतल्या कोपऱ्यांना काटकोनात कापू नका, आधी गोल भोक पाडा आणि त्याच्यापर्यंत कापत या. कोपरा टोकदार राहिला तर काही वर्षांत तिथून तडा निघतो.

मग कानस. बाहेरची कड, प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची कड. बोट फिरवताना काही टोचता कामा नये. मी एक भोक विसरले आणि पहिल्याच फेरीत एका मित्राच्या जॅकेटची बाही फाडली. अजून ऐकवतो.

पुसून, प्रायमर मारून, रंग द्या. फिका करडा घ्या. पांढरा पत्रा मागच्या काचेत चमकतो.

बसवणं

पहिल्यांदा फक्त चार कोपऱ्यांचे स्क्रू, अर्धवट. एकाने पुढे बसून स्टिअरिंग पूर्ण मागे, पूर्ण पुढे, डावीकडे, उजवीकडे फिरवावं, रडरचे पेडल दाबावेत. १७२चे पेडल पुढच्या चाकालाही जोडलेले असतात, त्यामुळे जमिनीवर ते जड लागतात, त्याने घाबरू नका. दुसऱ्याने पॅनेलच्या फटीतून टॉर्चने बघत राहावं. पॅनेल, स्क्रू, क्लिप, वायर, काहीही केबलच्या जवळपास नको.

बाकीचे स्क्रू मधून कडेकडे लावत जा, सगळे अर्धवट लागल्यावर मगच आवळा. जोर बोटांचा, मनगटाचा नाही. स्क्रू तेवढ्याच लांबीचे, ज्या वाटीतून आले त्याच जागी. एखादा हरवला तर हाताशी असलेला दुसरा लांब स्क्रू खपवू नका. तसं केलं की काय होतं ते वर वाचलंतच. ‘इथे एक भोक जास्त पाडलं तर घट्ट बसेल’ असा मोह झाला तर तो टाळा. चौकटीत नवं भोक म्हणजे सांगाड्यात भोक.

पत्रा वाजू नये म्हणून कडेला पातळ फेल्टची पट्टी लावतात. आमच्या मेकॅनिकने तिलाही जळण्याच्या चाचणीचा कागद मागितला होता.

आणि स्क्रू पडला तर? माझा पडला. टिंग असा आवाज आला, मग शेपटीत कुठेतरी घरंगळत गेला. मी चुंबकाची काडी घेऊन अर्धा तास फिरवत बसले, काहीच लागेना. मग लक्षात आलं, स्क्रू नवे, स्टेनलेसचे होते. स्टेनलेस चुंबकाला सहसा लागत नाही. शेवटी दुसऱ्या एकाने विमानाची शेपटी हळूच हलवली, मी कान पत्र्याला लावला, आणि आवाजाच्या दिशेने टॉर्च मारल्यावर तो एका कडेखाली दिसला. दोन तास गेले. पण सापडल्याशिवाय पॅनेल लावायचा प्रश्नच नव्हता. सुटा स्क्रू पुलीत शिरू शकतो. म्हणून मोजणी करा, काढलेले किती, लावलेले किती, डब्यात उरलेले किती. बेरीज जुळली नाही तर परत उघडा.

शेवटचा तास

वजनमर्यादेची पाटी लावा, वाचता येईल अशी. सामान बांधायचं जाळं असेल तर त्याच्या कड्या तपासा, कुंपण कितीही भक्कम असलं तरी बॅग बांधूनच ठेवायची.

मास्टर चालू करून रेडिओवर १२१.५ लावा आणि ऐका. सायरनसारखा, वरून खाली घसरत जाणारा आवाज आला तर काम करताना ईएलटी चालू झालीय, लगेच बंद करा. जुन्या, १२१.५च्या यंत्राची मुद्दाम चाचणी घ्यायची असेल तर ती फक्त दर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, आणि तीन आवर्तनांपेक्षा जास्त नाही.

मग लॉगबुक. काय केलं, कोणत्या तारखेला पूर्ण झालं, सही, सर्टिफिकेटचा प्रकार आणि क्रमांक. मी इंग्रजीतच लिहिते, कारण वाचणारा मेकॅनिक आहे, पण मजकूर असा: ‘डिकीचं मागचं पॅनेल काढलं, त्याच मापाचं ०.०२५ इंच ॲल्युमिनियमचं बसवलं. शेपटीतल्या केबल आणि पुली डोळ्यांनी पाहिल्या. उंदराचं घरटं काढलं, जागा साफ केली. वजनातला बदल नगण्य. वजनमर्यादेची पाटी परत लावली.’ खाली आमच्या मेकॅनिकची सही आणि त्याचा क्रमांक. फोटोही त्याच तारखेने साठवून ठेवले, पुढच्या मालकाला सतरावा स्क्रू कुठे होता ते कळेल.

पहिली फेरी रिकाम्या डिकीने करा, विमानतळाभोवतीच. मागून खडखड आली तर उतरल्यावर कुठला स्क्रू सैल आहे ते बघा. दहाएक तास उडाल्यावर सगळे स्क्रू पुन्हा एकदा हाताने तपासा. फेल्टची पट्टी दबते आणि त्यांना अर्धा वेढा लागतो.